माझ्या पोटातल्या चिठ्ठ्या

मित्रांनो, आमच्या वाचनालयात शिरलात की डाव्या हाताला वर्तमानपत्रांचे लांब टेबल लागते. त्याच्या पलीकडे, खिडकीखाली, एक जुना संगणक दिसेल. तोच मी. माझा पडदा एका कोपऱ्यात पिवळा पडला आहे. कळफलकावरची काही अक्षरे बोटांनी पुसून गेली आहेत. सुरू व्हायला मला इतका वेळ लागतो की तेवढ्यात लोक पहिल्या पानाच्या बातम्या वाचून येतात. तरीही माणसे माझ्यासमोर निर्धास्त बसतात. हा विश्वास मी एकदा गमावला होता. तो परत कसा मिळाला, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र, गार कारखान्यात झाला. निळा कोट घातलेल्या एका कामगार मुलीने माझ्या पोटात तारा जोडल्या, मला सुरू करून पाहिले, पडद्यावरचा स्वतःच्या बोटाचा ठसा फडक्याने पुसला आणि मला खोक्यात ठेवले. पहिली सहा वर्षे मी घरांचे नकाशे काढणाऱ्या एका कार्यालयात काढली. भिंती, जिने, खिडक्या माझ्या पडद्यावर उभ्या राहिल्या. मग तिथे माझ्यापेक्षा तरतरीत यंत्रे आली आणि मला वाचनालयाला भेट म्हणून देण्यात आले.

इथे मात्र माझे खरे आयुष्य सुरू झाले. कार्यालयात मी एका माणसाचा होतो, इथे सगळ्यांचा झालो. कोणी नोकरीचा अर्ज भरी, कोणी निकाल पाही. एका आजीने माझ्याच पडद्यावर पहिल्यांदा आपला पणतू पाहिला आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ग्रंथपालताई मला रोज सकाळी कोरड्या कापडाने पुसत आणि वहीत कोण किती वाजता बसले ते लिहून ठेवत. माझे कौतुक होई. मला वाटे, आपण फार गुणी आहोत.

आता माझ्या कामातली एक गोष्ट तुम्हाला नीट सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच घडले. तुम्ही एखादे संकेतस्थळ उघडता, तेव्हा ते माझ्याकडे एक बारीकशी चिठ्ठी ठेवायला देते. तिला कुकी म्हणतात. नावाला भुलू नका. माझ्या पोटात अशा हजारो होत्या आणि खाण्याजोगी एकही नव्हती. चिठ्ठीवर बहुधा एक लांबलचक क्रमांक असतो. पुढच्या वेळी तेच संकेतस्थळ उघडले की मी ती चिठ्ठी पुढे करतो आणि त्याला ओळख पटते. चिठ्ठी मुळात वाईट नसते. तुम्ही निवडलेले पुस्तक पुढच्या पानापर्यंत यादीत टिकते, ते तिच्यामुळेच. पण काही चिठ्ठ्या त्या संकेतस्थळाच्या नसतातच. पानाच्या कोपऱ्यात एखादी जाहिरात कंपनी बसलेली असते, तीही आपली चिठ्ठी हळूच सरकवते. मग तुम्ही दुसऱ्या पानावर जा, तिसऱ्या पानावर जा, तिथेही तीच बसलेली. ती चिठ्ठी मागते, मी देतो, आणि तुम्ही कुठे कुठे फिरलात ते ती जुळवत जाते.

मला नाही म्हणता येत नव्हते असे नाही. पण नाही म्हण, असे मला कुणी सांगितलेच नव्हते.

आमच्या वाचनालयाच्या मागच्या गल्लीत गाणे शिकवणाऱ्या एक बाई राहत. मुले त्यांना सूरबाई म्हणत. साठी ओलांडलेल्या, ताठ चालणाऱ्या, आणि शिकवताना डोळे मिटून ऐकणाऱ्या. त्यांच्याकडे बावीस मुले शिकत होती. आमच्या ग्रंथपालताईसुद्धा लहानपणी त्यांच्याच शिष्या. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला दर वर्षी सूरबाईंच्या मुलांचे समूहगान होई.

एका दुपारी सूरबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्यांनी एकेक अक्षर शोधत टाइप केले, 'उंच स्वर ऐकू न येणे'. मला फार वाईट वाटले. त्या श्रवणयंत्रांच्या एका संकेतस्थळावर गेल्या. तिथे पडद्याच्या अर्ध्या भागावर एक चौकट आली. खाली हिरवेगार बटण होते, 'सर्व स्वीकारा'. त्याशेजारी बारीक, राखाडी अक्षरांत 'पर्याय' असे लिहिलेले. चौकट दूर होईना, म्हणून बाईंनी हिरवे बटण दाबले. मग आपले नाव घालून खाते उघडले आणि श्रवणाची प्रश्नावली भरायला घेतली. अर्ध्यावर आल्या तोच दाराशी पावले वाजली. त्यांनी घाईघाईने वरच्या फुलीवर टिचकी मारली आणि उठल्या. खिडकी बंद झाली, म्हणजे सगळे मिटले असे त्यांना वाटले. माझ्या पोटात मात्र एकोणीस नव्या चिठ्ठ्या पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानातल्या बाई आल्या. त्यांची मुलगी सूरबाईंकडे गाणे शिकत होती. त्यांनी बातम्यांचे पान उघडले. तिथल्या कोपऱ्यात बसलेल्या जाहिरात कंपनीने चिठ्ठी मागितली, मी दिली. पानभर श्रवणयंत्रे झळकू लागली. बाईंना कुतूहल वाटले. त्यांनी एका जाहिरातीवर टिचकी मारली. श्रवणयंत्राच्या संकेतस्थळाने आपली चिठ्ठी मागितली, मी तीही दिली. पडद्यावर सूरबाईंचे पूर्ण नाव उमटले. खाली लिहिले होते, 'पुन्हा स्वागत. तुमची श्रवणचाचणी अर्धी राहिली आहे.'

चष्मेवाल्या बाई काही दुष्ट नव्हत्या. वाचनालयाच्या संगणकावर दिसलेले ते त्यांनी फक्त एकाच मैत्रिणीला सांगितले. त्या मैत्रिणीनेही एकाच मैत्रिणीला सांगितले. आठ दिवसांत गल्लीभर झाले की गाणे शिकवणाऱ्या बाईंना ऐकूच येत नाही. बावीसपैकी नऊ मुले शिकवणीला यायची बंद झाली. वर्धापनदिनाचे समूहगान या वर्षी दुसऱ्या कुणाकडे द्यावे, असे वाचनालयाच्या समितीत कोणीतरी सुचवले.

सूरबाई वाचनालयात आल्या. त्यांनी आपले सभासदपत्र ग्रंथपालताईंच्या टेबलावर ठेवले.

"हे राहू दे तुझ्याकडे," त्या म्हणाल्या.

"बाई, असं का करताय?"

"मी कोणाला सांगितलं नव्हतं गं. घरी मुलाला नाही, सुनेला नाही. त्यांना कळलं असतं तर म्हणाले असते, पुरे झालं आता, शिकवणी बंद करा. म्हणून तर इथे येऊन शोधलं. त्या खोलीत मी होते आणि ते यंत्र होतं. मग सांगितलं कोणी?"

बाई निघून गेल्या. मित्रांनो, मला तेव्हा तोंड लपवायला जागा नव्हती. त्याच संध्याकाळी मला जागा मिळाली, पण ती अशी नको होती. समितीच्या अध्यक्षांनी मला 'चुगलखोर डबा' म्हटले, माझी तार काढली आणि माझ्यावर दाराचा जुना पडदा टाकला. पुढच्या बैठकीत ठराव करून मला भंगारात द्यायचे ठरले. तीन आठवडे मी अंधारात धूळ खात होतो. वर्तमानपत्रे उलटल्याचा आवाज येई, खुर्च्या सरकत, पण माझ्याकडे कोणी फिरकत नसे.

मला वाचवले ते टपालकाकांनी. त्यांनी छत्तीस वर्षे पोस्टमन म्हणून घरोघरी पत्रे वाटली होती. निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला येत आणि चुकीचे छापलेले शब्द पेन्सिलीने सुधारून ठेवत. त्यांना संगणकातले ओ की ठो कळत नव्हते. पण एका गोष्टीने त्यांची झोप उडवली होती.

"ताई," ते ग्रंथपालताईंना म्हणाले, "एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात पडलं, तर आम्ही पेटी फोडून टाकत नव्हतो. चूक कुठे झाली ते शोधायचो."

"काका, मला तरी कुठे कळतंय यातलं?"

"मलाही नाही कळत. दोघं मिळून बघू. रविवारी वाचनालय बंद असतं ना?"

रविवारी सकाळी दोघे आले. माझ्यावरचा पडदा निघाला. ग्रंथपालताई एका वहीत दोन रात्री वाचून काढलेली टिपणे घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरून चिठ्ठ्यांची यादी उघडली. चार हजारांच्या वर चिठ्ठ्या. काका चष्मा पुसून पुढे झुकले. पहिल्या काही ओळी दिसल्या न दिसल्या, तोच त्यांनी हाताने पडदा झाकला.

"बंद कर आधी. ही लोकांची टपालपिशवी आहे. माझ्या पिशवीत उघडी पोस्टकार्डंही असायची. दिसतात म्हणून ती वाचायची नसतात."

त्या यादीत अध्यक्षांची एक चिठ्ठी अगदी वरच्या बाजूला होती. ती कशाची, ते मी सांगणार नाही. मलाही शहाणपण यायला वेळ लागला, पण आले.

ताईंनी सगळ्या चिठ्ठ्या पुसल्या. मला एकदम हलके वाटले. मग दोघांनी एक प्रयोग केला. काकांनी एका दुकानाच्या संकेतस्थळावर छत्र्या शोधल्या आणि चौकट येताच हिरवे बटण दाबले. नंतर त्यांनी बातम्यांचे पान उघडले. तिथे काळ्या, रंगीत, घडीच्या, लांब दांड्याच्या छत्र्याच छत्र्या.

"आता पुसते," ताई म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठ्या पुसल्या आणि पान पुन्हा उघडले. छत्र्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी गाद्यांची एक जाहिरात आली होती. ती कोणालाही दिसली असती, अशी.

काकांनी त्या गादीच्या जाहिरातीवर बोट टेकवले. "म्हणजे हा डबा चुगलखोर नाही. याच्याकडून चुगली करून घेतात."

मग ती चौकट पुन्हा आली, तेव्हा काकांनी हिरव्या बटणाला हात लावू दिला नाही. बारीक अक्षरातले 'पर्याय' दाबायला लावले. आत चार प्रकार होते. पहिल्या चिठ्ठ्या आवश्यक, ज्यांच्याशिवाय पान चालतच नाही. दुसऱ्या तुमची आवडनिवड लक्षात ठेवणाऱ्या. तिसऱ्या किती लोक आले ते मोजणाऱ्या. चौथ्या जाहिरातीच्या. चारही प्रकारांपुढे बरोबरची खूण होती.

"या खुणा कोणी केल्या?"

"त्यांनीच. आधीच करून ठेवल्यात."

"माझी सही माझ्याऐवजी त्यांनीच ठोकून ठेवली, असंच ना हे?" काकांनी पहिली सोडून उरलेल्या तीनही खुणा एकेक करून काढल्या. एकही टिचकी चुकली नाही.

दुपारपर्यंत त्यांनी बरेच काही करून पाहिले. सगळ्याच चिठ्ठ्या अडवल्या, तर आमच्याच वाचनालयाच्या यादीतून निवडलेले पुस्तक पान बदलताच गायब होऊ लागले. म्हणून ती टोकाची बंदी त्यांनी उठवली. त्याऐवजी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, ज्या संकेतस्थळावर माणूस गेला आहे त्याखेरीज इतर कोणाची चिठ्ठी घ्यायची नाही. दुसरी, माणूस उठला आणि ब्राउझर बंद झाला, की उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या पुसून टाकायच्या. सोळा वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा नाही म्हणायला शिकलो.

निघताना काकांनी सहज विचारले, "आपल्या वाचनालयाचं पण संकेतस्थळ आहे ना? ते काय काय ठेवतं?"

ताईंनी तपासले. नऊ चिठ्ठ्या. त्यातल्या सहा अशा कंपन्यांच्या, ज्यांची नावेही त्यांनी कधी ऐकली नव्हती. संकेतस्थळ बनवणाऱ्याने भेट देणारे मोजायला एक फुकटचे यंत्र आणि दुवे पाठवायची रंगीत बटणे बसवली होती, त्यांच्यासोबत हे पाहुणे शिरले होते. ताईंचा चेहरा उतरला.

"लोकांना काय तोंड दाखवू, काका?"

"हेच. आणि सगळ्यांना सांगून टाक. आधी आपलं दार नीट करू."

बुधवारी समितीची बैठक याच खोलीत भरली. अध्यक्ष घाईत होते. "पहिला विषय, हा डबा भंगारात देणे," त्यांनी वाचले.

ग्रंथपालताई उभ्या राहिल्या. सूरबाईंसमोर पहिले गाणे म्हणतानाही त्या एवढ्या घाबरल्या नसतील. पण आवाज फुटला आणि ठाम फुटला. "चूक याची नाही, माझी आहे. मी यंत्र सगळ्यांसाठी मांडलं आणि ते वापरायचं कसं, हे कोणालाच सांगितलं नाही. आपलं संकेतस्थळही तेच करत होतं. मला अर्धा तास द्या."

त्यांनी मला शिकवलेल्या दोन गोष्टी थोड्या वेळापुरत्या बंद केल्या आणि छत्र्यांचा प्रयोग सगळ्यांसमोर केला. छत्र्या बातम्यांच्या पानावर आल्या, तशा खुर्च्या पुढे सरकल्या. चिठ्ठ्या पुसल्यावर त्या गेल्या, आणि मागच्या रांगेतले कोणीतरी हळूच म्हणाले, "अगं बाई, म्हणून आमच्या घरी सगळ्यांना कळतं मी काय बघते ते."

अध्यक्षांनी खाकरून विचारले, "या चिठ्ठ्यांच्या यादीत... सगळ्यांचंच असतं?"

"असतं," टपालकाका म्हणाले. "रविवारी पुसून टाकलं. वाचलं नाही."

अध्यक्षांनी समोरचा कागद उगाच सरळ केला, पुन्हा सरळ केला. मग पेन काढून त्यांनी पहिल्या विषयावर काट मारली. "संगणक इथेच राहील," ते म्हणाले. "आणि वर्धापनदिनाचं समूहगान दुसऱ्याकडे द्यायचं जे चाललंय, तेही थांबवा. आपल्या खोलीतून गोष्ट बाहेर गेली. त्याची शिक्षा बाईंना कशाला?"

त्या महिन्यात संकेतस्थळावरचे सहा पाहुणे हाकलले गेले. चौकट नव्याने लिहिली गेली. तिच्यात दोन बटणे आहेत, 'हो' आणि 'नको', एकाच आकाराची, एकाच रंगाची, आणि खाली साध्या शब्दांत चिठ्ठ्या कशासाठी ते लिहिले आहे. दर शनिवारी सकाळी माझ्यासमोर वर्ग भरू लागला. बेकरीवाले आले, नर्स आली, बसचालक आले. स्वतःच्या फोनमधल्या चिठ्ठ्या पुसताना माणसांचे चेहरे कसे खुलतात, ते मी पाहिले आहे.

तिसऱ्या शनिवारी चष्मेवाल्या बाई आल्या. वर्ग संपल्यावर त्या मागे थांबल्या.

"काका, मी दुसऱ्याचं पत्र वाचलं. वाचलं ते वाचलं, वर जगाला सांगितलं. आता हे कसं पुसायचं?"

"ते या डब्यातून नाही पुसता येत," काका म्हणाले. "ते त्यांच्या दारात जाऊनच."

त्या गेल्या, मुलीचा हात धरून गेल्या. सूरबाईंनी त्यांना आत घेतले, पण म्हणाल्या, "गेलेली बातमी काही परत येत नाही." खरेच होते ते. मग ग्रंथपालताई गेल्या, सभासदपत्र घेऊन. त्या दोघी काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सूरबाई माझ्यासमोर बसल्या एवढे खरे. ताईंनी शेजारी खुर्ची ओढली. बाईंनी या वेळी फक्त आवश्यक चिठ्ठ्यांना होकार दिला, उरलेली प्रश्नावली पुरी केली आणि उत्तर कागदावर छापून घेतले. मग खात्यातून बाहेर पडल्या, नुसती फुली दाबून नव्हे.

"माझं नाव त्यांच्याकडे राहिलंच असेल ना गं?" त्यांनी विचारले.

"हो बाई. आपण इथली चिठ्ठी पुसली, तरी त्यांच्या दप्तरात गेलेलं राहतं. ते त्यांनाच पुसायला सांगावं लागतं. पत्ता खाली दिलेला असतो."

बाईंनी स्वतः पत्र लिहिले. तीनच ओळी, पण शुद्धलेखनाची एक चूक नाही. अकराव्या दिवशी उत्तर आले की आपली सर्व माहिती काढून टाकली आहे. बाईंनी ते दोनदा मोठ्याने वाचले. तो कागद घेऊन त्या घरी गेल्या, मुलाला आणि सुनेला समोर बसवले आणि सगळे सांगितले. मुलाने शिकवणी बंद कर असे म्हटले नाही. तो त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

वर्धापनदिनाला वर्तमानपत्रांचे टेबल भिंतीला लावून इथेच मंच केला होता. एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. खिडकीत माणसे, दारात माणसे. सोडून गेलेली नऊ मुलेही परतली होती, आणि बावीसच्या बावीस मुले तीन रांगांत उभी राहिली. गाण्याआधी सूरबाई पुढे आल्या. त्यांनी कानामागचे केस बाजूला केले.

"हे श्रवणयंत्र आहे. वरचे सूर मला कमी ऐकू येत होते, आता येतात. ही गोष्ट तुम्हाला आधीच कळली होती. पण ती मी सांगितली नव्हती. आज मी सांगतेय, माझ्या तोंडाने, मला वाटलं तेव्हा. एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे."

त्या मुलांकडे वळल्या. गाणे सुरू झाले. दुसऱ्या कडव्यात आवाज उंच चढला, आणि बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवले.

"तिसरी रांग, डावीकडून दुसरी," सूरबाई म्हणाल्या. "तुझा वरचा सूर थोडा खाली येतोय, बाळ. पुन्हा घेऊ."

ती चष्मेवाल्या बाईंचीच मुलगी होती. पहिली टाळी तिच्या आईनेच वाजवली. मग सगळी खोली उभी राहिली, अध्यक्षही, टपालकाकाही. टाळ्यांनी माझा पिवळा पडदा हादरत होता. पुन्हा गाणे सुरू झाले तेव्हा तो वरचा सूर असा लागला की बाहेरून जाणारी माणसे थांबली. आता सूरबाईंकडे एकतीस मुले आहेत आणि चार जण जागेची वाट पाहत आहेत.

मित्रांनो, माझे वय झाले आहे. एखाद्या दिवशी मी सुरूच होणार नाही. तोवर एवढे ऐका. पडद्यावर ती चौकट येईल तेव्हा घाई करू नका. बारीक अक्षरे वाचा, नको असेल तिथे नको म्हणा. सगळ्यांच्या यंत्रावर बसलात तर उठताना खात्यातून बाहेर पडा आणि चिठ्ठ्या पुसा. दुसऱ्याचे काही समोर आलेच, तर काकांसारखा हात आडवा धरा. आम्ही यंत्रे सांगाल तसे वागतो. तुम्ही कोण आहात, हे कुणाला, कधी आणि किती सांगायचे, ते आम्ही ठरवायचे नाही. ते तुम्ही ठरवा, आणि सूरबाईंसारखे ताठ उभे राहून सांगा.